काटोची बायको

काटोला बायको होती की नव्हती, हे मला आजही माहीत नाही. असणार म्हणा. फोटोत चांगला सुटाबुटातला, भांग पाडलेला, एवढ्या मोठ्या जपानी कंपनीचा मालक. तो काही बिनलग्नाचा राहिला नसेल. पण त्या कंपनीनं छापलेल्या जाडजूड इंग्रजी पुस्तकात तिचा एका ओळीनंही उल्लेख नव्हता, आणि आमच्या घरात मात्र त्या उन्हाळ्यात तिच्याशिवाय पान हलत नव्हतं. ती कशी बोलायची, सासूपुढं कशी वागायची, नवरा उपाशी कामाला बसला तर त्याला कसं उठवायची, हे सगळं मी ठरवत होते. मी सतरा वर्षांची होते, कॉलेजचं पहिलं वर्ष नुकतं संपलं होतं, आणि आमच्या गल्लीत एवढं इंग्रजी वाचता येणारी मी एकटीच होते. हा अधिकार मी कसा वापरला, ते आता या वयात सांगून टाकायला हरकत नाही. ज्यांची माफी मागायची होती, त्यांची तेव्हाच मागून झाली आहे.

आमचं घर म्हणजे मिलच्या मागच्या गल्लीतल्या दोन खोल्या आणि पुढं पत्र्याची पडवी. अप्पा मिलमध्ये वायरमन होते. सकाळचा भोंगा झाला की फळीवरची पितळी भांडी बारीक थरथरायची आणि अव्वा, म्हणजे माझी आई, तव्यावरची भाकरी उलटायची. तिला घड्याळाची गरज कधी पडली नाही. भिंतीला भिंत लावून मल्लय्यामामांचे चार माग होते. ते दिवसभर खटक-खटक चालायचे आणि आम्हाला त्यांचा आवाज ऐकूच यायचा नाही. मात्र वीज गेली आणि ते थांबले की सगळी गल्ली दचकून वर बघायची. घरात दोन वास कायम असायचे. अव्वा उखळात शेंगाची चटणी कांडायची, तो लसणाचा आणि भाजलेल्या शेंगदाण्यांचा. आणि संध्याकाळी अप्पा पडवीत लोकांचे बिघडलेले रेडिओ उघडून बसायचे, तो तारांना कथलाचा डाग देताना वितळणाऱ्या राळेचा. हे दोन्ही वास एकत्र आले की मला आजही भूक लागते. माझ्या सुनेला यात काय भूक लागण्यासारखं आहे ते कळत नाही, आणि मला तिला समजावता येत नाही.

अप्पा अक्कलकोटकडच्या एका खेड्यात कानडी शाळेत सातवीपर्यंत शिकलेले. इंग्रजी अक्षरं त्यांना ओळखू यायची, पण वाक्य यायचं नाही. रेडिओच्या आतला नकाशा मात्र ते असा वाचायचे, की मी माझं पाठ्यपुस्तकही कधी तसं वाचलं नसेल. बोट ठेवून, पुटपुटत, मधेच हसत. अव्वा आमच्याशी मराठी बोलायची. देवाशी आणि रागात कानडी.

त्या वर्षी बाबूभाईंनी एक टेपरेकॉर्डर आणला. बाबूभाई अप्पांचे लहानपणापासूनचे दोस्त, मुंबई रस्त्यावर स्वतःचा ट्रक चालवायचे. त्यांच्या मेहुण्यानं आखातातून येताना ते यंत्र आणलं होतं. महिनाभर वाजलं आणि गप्प झालं. बाबूभाईंनी ते चादरीत गुंडाळून, लेकरू आणावं तसं दोन्ही हातांवर आणलं. अप्पांनी मागचे स्क्रू काढले, झाकण उचललं आणि बराच वेळ हातच लावला नाही.

"ये रत्ने, हितं ये," ते म्हणाले. "बघ. एक तार वाकडी न्हाय. आतलं कोण बघणार हाय? तरी एक तार वाकडी न्हाय."

आतला एक भाग जळला होता. तो नेमका काय होता ते नकाशा असल्याशिवाय कळणार नव्हतं. यंत्राच्या बुडाला पत्र्याच्या पट्टीवर कंपनीचा जपानमधला पत्ता होता. अप्पा म्हणाले, "लिही की पत्र. कारखाना हाय, माणसं असतील." मी लिहिलं. सोलापूरचा वायरमन बसप्पा आपल्या यंत्राच्या कामाचा आदर करतो आणि कृपा करून नकाशा पाठवावा, अशा अर्थाचं. आदराचा भाग अप्पांनी सांगितलेला, कृपेचा माझा.

उत्तर येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. आलं तेव्हा पोस्टमननं ते हातात दिलंच नाही. आधी पडवीत बसला, चहा प्यायला, तिकिटांवरच्या बगळ्यांकडे सगळ्यांना बघू दिलं आणि मग दिलं. आत नकाशा होता, सहीचं छोटं पत्र होतं, आणि भेट म्हणून कंपनीचा इतिहास होता. गुळगुळीत कागद, पानोपानी फोटो. नकाशामुळं यंत्र तीन दिवसांत वाजू लागलं आणि बाबूभाई ते घेऊन गेले. इतिहास आमच्याकडे राहिला.

"ह्यात काय लिवलंय ते रोज थोडं थोडं सांग," अप्पा म्हणाले. "असा कारखाना उभा कसा केला, ते मला कळू दे."

मग दिवेलागणीला पडवीसमोर पाणी मारून बाजा टाकल्या जायच्या. एका बाजेवर अप्पा, एकीवर मल्लय्यामामा आणि ट्रक गावात असला तर बाबूभाई. अव्वा आतल्या दाराच्या चौकटीला टेकून, पिठाचे हात तसेच ठेवून उभी राहायची. ती कधी पुरती बाहेर बसली नाही. मी मधल्या स्टुलावर. पहिल्या दिवशी कंपनीच्या मालकाचं नाव काटो आहे असं मी वाचलं, तेव्हा बाबूभाई म्हणाले, "काटो? किसको काटो?" आणि सगळे इतके हसले की त्या दिवशी पुढं वाचनच झालं नाही.

पहिले दोन-तीन दिवस मी जे छापलं होतं तेच सांगितलं. लढाईत शहर जळालं. काटोसाहेबांनी एका पडक्या इमारतीत सात माणसं घेऊन काम सुरू केलं. लोकांचे रेडिओ दुरुस्त केले. इथवर अप्पा पुढं वाकून ऐकत होते. पण मग त्या पुस्तकात सभा सुरू झाल्या. भांडवलात वाढ करण्यात आली. निर्यात विभागाची स्थापना झाली. अमुक साली अमुक संचालक निवृत्त झाले. बाबूभाईंनी जांभई दिली.

"ये क्या बाजारभाव सुनारी गे तू," ते मला म्हणाले. "रेडिओपे रोज सुनताऊं मैं."

मल्लय्यामामा उठून चपला शोधू लागले. माझा मोठा अपमान झाला. तेवढ्यात दारातून अव्वानं विचारलं, "त्याला बायकू हुती का न्हाय?"

मी पान उलटलं. पानावर एका कारखान्याच्या कोनशिलेचा फोटो होता. "हुती की," मी म्हणाले. "हितं लिवलंय. सुमीको नाव हुतं."

"सुमी," अव्वा म्हणाली आणि चौकटीपाशी खाली बसली. "मग ती काय करायची?"

झालं. मल्लय्यामामांनी चपला सोडल्या. त्या संध्याकाळी सुमीकोनं पडक्या इमारतीत चूल मांडली, पावसात गळणाऱ्या छताखाली परातीत पाणी धरलं आणि सात माणसांना भात करून घातला. दुसऱ्या दिवशी तिची सासू आली. सासूला मुलाचे ते तारांचे उद्योग पसंत नव्हते. तिसऱ्या दिवशी काटोनं शाळेसाठी विजेची घंटा बनवली, ती एकदा वाजायला लागली की थांबेचना, आणि पोरं दुपारीच घरी पळाली. ही घंटा माझी स्वतःची होती, आणि मला अजूनही ती चांगली वाटते. अप्पा त्या घंटेवर अर्धा तास बोलले. तिच्यात कोणता दोष असेल ते त्यांनी जमिनीवर खडूनं काढून दाखवलं. मीही मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी काटोला तोच दोष सापडला. "बगा!" अप्पा मल्लय्यामामांना म्हणाले. "मी काय म्हणलं हुतं?"

गंमत अशी की पुस्तकातलं जे खरं होतं, तेच कुणाला पटायचं नाही. पुढच्या पानांवर कंपनी रेडिओवरून गाण्यांच्या तबकड्यांवर गेली होती, तिथून सिनेमावर, आणि शेवटी चक्क बिस्किटांच्या कारखान्यावर. मी हे वाचलं तेव्हा बाबूभाई म्हणाले, "झूट नक्को बोल बेटी. रेडिओवाला बिस्कुट कैकू करिंगा?"

"गाणी तरी का करावीत त्यानं?" अप्पांनाही ते पटलं नव्हतं. "यंत्र करनाऱ्यानं यंत्र करावं."

मल्लय्यामामा मात्र विचारात पडले. त्यांची मराठी सावकाश, एकेक शब्द धाग्यासारखा ओढून घेतलेली. "न्हाई बसप्पाण्णा, बराबर हाय त्याचं," ते म्हणाले. "समजा, मी माग विकतो. मानसानं माग घेतला की झालं, परत येनार न्हाई. पण सूतबी मीच विकतो, चादरबी मीच विकतो, मग त्यो रोज माझ्याच दारात येनार. यंत्र एकदा. गाना रोज."  पुढं मी कॉमर्सचे कितीतरी जाडे ग्रंथ चाळले, पण त्या कंपनीचा कारभार कुणी इतक्या थोडक्यात सांगितलेला मला आढळला नाही. आता तर तिचे खेळ माझा नातू दिवसभर टीव्हीवर खेळतो. ही कंपनी मुळात टेपरेकॉर्डर करायची असं मी त्याला सांगितलं, तर तो टेपरेकॉर्डर म्हणजे काय ते विचारतो.

तर असं चाललं होतं. एके दिवशी अप्पा मिलमधून आले ते थेट जेवायला बसले. अर्धी भाकरी झाल्यावर म्हणाले, "आज नव्या सायबानं मला टॉर्च धरायला लावला." मिलमध्ये नवा इंजिनियर आला होता, ताज्या डिग्रीचा. मोठ्या पॅनेलमधला बिघाड अप्पांनी शोधला होता, आणि साहेबानं तो स्वतः दुरुस्त करून वरच्यांना दाखवला. "दोन तास. नुसता टॉर्च. मधे म्हणला, हात हलवू नको." अव्वानं त्यांच्या ताटात आणखी चटणी वाढली. अप्पांनी ती खाल्ली नाही.

त्या संध्याकाळी पुस्तक उघडलं तेव्हा समोर संचालक मंडळाचा फोटो होता. मला त्यांचं काहीही सांगावंसं वाटेना. मी पानं उलटत मागं गेले. कंपनी काढायच्या आधीचा भाग राहून गेला होता, म्हणाले. तेव्हा काटो दुसऱ्याच्या कारखान्यात नोकरीला होता. वय पंचेचाळीस. अप्पांचं तेवढंच होतं. तिथल्या साहेबानं त्याला दोन तास कंदील धरून उभं केलं. टॉर्चचा मी कंदील केला, एवढीच काय ती माझी अक्कल. काटो घरी आला आणि जेवेना. तेव्हा सुमीको त्याच्यासमोर बसली आणि म्हणाली, "उद्यापास्नं जाऊ नका. तुमच्या हातात काम हाय. दुसऱ्याला उजेड दाखवायला तुमी जन्माला आला न्हाय."

"वाह!" बाबूभाई म्हणाले. मल्लय्यामामांनी मान हलवली. अप्पा रस्त्याकडे बघत होते. दारात अव्वा उभी होती, आणि आज आठवतं की तिनं त्या रात्रीच्या भाकऱ्यांचं पीठ दोनदा मळलं. तेव्हा माझं लक्ष नव्हतं. मी माझ्या वाक्यावर खूश होते.

चौथ्या दिवशी सकाळी भोंगा झाला, भांडी थरथरली, आणि अप्पा बाजेवरून उठलेच नाहीत. डबा भरलेला नव्हता. सदरा खुंटीवर होता.

"अप्पा, भोंगा झाला की," मी म्हणाले.

"ऐकला."

"मग?"

"मी राजीनामा दिलाय काल," अप्पा म्हणाले. त्यांनी ते इतक्या शांतपणे सांगितलं की मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मी अव्वाकडे पळाले. तिला धक्का बसेल, ती कानडीत ओरडेल, अप्पांना परत पाठवेल. ती चुलीपाशी दूध उतू जाऊ नये म्हणून बसली होती.

"मीच म्हणलं त्यास्नी," ती म्हणाली. "आजवर मी त्यांच्या कामात कधी बोलले न्हाय. पण तू वाचलंस नव्हं, त्या सुमीनं कसं सांगितलं ते? मला वाटलं, तिला जमलं तर मलाबी जमंल. सांगितलं. त्यांनी ऐकलं बघ." तिचा चेहरा असा काही दिसत होता, की मी त्याआधी तिला तसं कधी पाहिलं नव्हतं. खूश नाही, रागीट नाही. वर्गात पहिल्यांदाच उत्तर बरोबर आलेल्या मुलीसारखा.

 मी चपला घातल्या आणि थेट मिलच्या ऑफिसात गेले. गेटवरच्या रामोश्याला सांगितलं, अप्पांचा डबा द्यायचाय. हातात डबा नव्हता, पण तोवर मी आत शिरले होते. हेडक्लार्क अप्पांना चांगले ओळखत होते. मी सांगितलं, अप्पांना ताप होता, तापात काहीतरी लिहून दिलं, ते परत द्या.

हेडक्लार्कनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "काल हितं येऊन सगळ्यांना पेढे वाटून गेला तुझा बाप. तापात पेढे वाटतात व्हय?" मग त्यांना माझी दया आली असावी. "ॲप्लिकेशन अजून सायबाच्या टेबलावर हाय. शनिवारपर्यंत विड्रॉ करता येतंय. पण त्यानं स्वतः येऊन सही केली पाहिजे. तुझ्या सहीनं न्हाय चालणार, पोरी."

शनिवारला तीन दिवस होते. मी गावातल्या तळ्याच्या कडेनं दोन चकरा मारल्या आणि खोटं बोलून यातून सुटायच्या वाटा शोधल्या. पुस्तकातून काटोला परत नोकरीवर पाठवावं का? सुमीकोला पश्चात्ताप करायला लावावा का? खरं सांगते, मी तो प्रसंग मनात रचूनही ठेवला होता. पण अव्वाचा सकाळचा चेहरा आठवला आणि तो मला वाचून दाखवता येणार नाही हे कळलं.

घरी आले तर ती चटणी कांडत होती. मी उखळासमोर बसले आणि म्हणाले, "अव्वा, सुमी न्हाय."

"म्हंजे? मेली?"

"न्हाय, म्हंजे नव्हतीच. पुस्तकात न्हाय ती. मी सांगितली. सासूबी मीच सांगितली. नोकरी सोडा ते तर... तेबी मीच."

मुसळ वरच्या वर थांबलं. "येन माडिदी नी?" ती हळूच म्हणाली. काय केलंस हे. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं मुसळ उखळाला टेकवून ठेवलं. मग म्हणाली, "आणि ती सात माणसांचा भात करायची, तेबी?"

"तेबी."

तिला त्या भाताचं सगळ्यात वाईट वाटलं, हे मला दिसलं. ती उठली, हात धुतले आणि म्हणाली, "चल. अप्पास्नी सांग. माझ्यासमोर सांग."

मी सांगितलं. अप्पा ऐकत राहिले. घंटेपाशी आले तेव्हा त्यांनी एकदाच विचारलं, "घंटाबी?" मी मान हलवली. त्यांनी खाली जमिनीकडे पाहिलं. तिथं त्यांनी कधीतरी खडूनं काढलेलं अजून थोडं दिसत होतं. मग ते आत जाऊन पुस्तक घेऊन आले. "आता खरं वाच. त्यानं सुरवात कशी केली तेवढंच वाच. एक अक्षर इकडं-तिकडं न्हाय."

मी वाचलं. पहिल्या दिवसांत मी कंटाळून गाळलेल्या परिच्छेदात होतं, की काटोसाहेबांचे काका रेशमाचे बडे व्यापारी होते. त्यांनी पुतण्याला इमारत दिली, भांडवल दिलं आणि कारखाना चालेपर्यंत पाच वर्षं सांभाळलं. काटोसाहेबांनी कधीही कुणाची नोकरी केली नव्हती.

"काका हुता म्हण की त्याला," अप्पा म्हणाले.

"हुता."

"श्रीमंत?"

"लई."

 मी पुस्तक मिटलं. तेव्हा अव्वा चौकट सोडून बाहेर आली, बाजेच्या दुसऱ्या टोकाला बसली. रस्त्यावरून माणसं जात असताना ती अशी त्यांच्या शेजारी बसलेली मी तरी त्याआधी पाहिली नव्हती. म्हणाली, "पोरगी खोटं बोलली. पण मी तुमास्नी सांगितलं ते खोटं नव्हतं. ते मी सांगितलं हुतं."

अप्पा त्यानंतर दोन दिवस माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. पाणी हवं असलं तरी अव्वाला सांगायचे, आणि अव्वा मला सांगायची, मी तिथंच उभी असताना. शनिवारी सकाळी त्यांनी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि मिलकडे गेले. अव्वानं त्यांना अडवलं नाही. चुलीत लाकूड सारताना तिचा हात मात्र दोनदा भाजला. मी पडवीत उभी राहून नवस बोलत होते. कोणता नवस, तेच मला ठरवता येत नव्हतं. त्यांनी सही करून परत कामावर जावं, म्हणजे मी सुटले असते. आणि अव्वा पुन्हा चौकटीत गेली असती.

दुपारी अप्पा आले ते खांद्यावर कॅनव्हासची पिशवी घेऊन. पडवीत बसून त्यांनी ती उपडी केली. पक्कड, टेस्टर, स्क्रूड्रायव्हरचा जुडगा, काळ्या मुठीचा हातोडा. एवढ्या वर्षांत मिलमधल्या कपाटात ठेवलेली त्यांची स्वतःची हत्यारं. "ही तितंच राहिली हुती," ते अव्वाला म्हणाले. मग माझ्याकडे वळून, दोन दिवसांनी पहिल्यांदा, "हातोड्याला तेल लाव."

त्या संध्याकाळी शिक्षा म्हणून त्यांनी मला बाबूभाई आणि मल्लय्यामामांपुढं उभं करून सगळं कबूल करायला लावलं. मल्लय्यामामा बिचारे गोंधळले. "मग त्या बिस्किटाचा कारखाना?" त्यांनी विचारलं. तो खरा आहे, मी म्हणाले. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला नाही, तो शेवटपर्यंत. बाबूभाई मात्र कपाळाला हात लावून म्हणाले, "या अल्ला! मैं पूरे रस्ते के ढाबोंपे सुनाया वो घंटीवाला किस्सा!"

अप्पांनी कर्ण्यांसाठी लागणारे अ‍ॅम्प्लिफायर करायचं ठरवलं. लग्नं, उरूस, जत्रा यांना आमच्याकडे तोटा नव्हता आणि मुंबईचं यंत्र बिघडलं की लग्नाचं लग्न मुकं व्हायचं. पहिला तयार व्हायला चार महिने लागले. ते दिवस सोपे नव्हते हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. अव्वानं आमटी पातळ केली, माझं कॉलेज सुटतं की काय अशी वेळ आली, आणि एकदा अप्पांना पडवीत एकटंच बसून, मिलचा भोंगा होत असताना, हाताची घडी घट्ट आवळून धरताना मी पाहिलं. पण अ‍ॅम्प्लिफायरच्या पेटीचं झाकण उघडलं की आत एक तार वाकडी नव्हती. अप्पा ती येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दाखवायचे.

पहिलं काम होटगीतल्या एका लग्नाचं मिळालं. बाबूभाईंनी ट्रकमधून आम्हाला नेलं. मोठं लग्न, चिंचेच्या झाडांखाली दूरवर माणसं बसलेली, मागं कढईत गव्हाची हुग्गी, म्हणजे गुळाची खीर, शिजत होती. अप्पांनी दोन कर्णे झाडाला बांधले, तारा जोडल्या, पेटीचा दिवा लागला.  यजमान येऊन उभे राहिले होते, शेजारी गावातले चार मोठे लोक, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर हे मिलमधून आलेलं माणूस काय करतंय असा भाव. मुंबईचं यंत्र न बोलावता त्यांनी अप्पांना बोलावलं होतं, ते केवळ बाबूभाईंच्या शब्दावर.

अप्पांनी माइक माझ्या हातात दिला. "बोल," ते म्हणाले. "कायबी बोल. फक्त खरं बोल."

मी माइक तोंडाशी धरला. चारशे-पाचशे माणसं. खरं असं काय बोलायचं असतं एवढ्या माणसांना? मी अप्पांकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटले होते. आणि माझ्या तोंडून स्वच्छ, मोठ्यानं बाहेर पडलं: "जेवण तयार हाय. सगळ्यांनी पंगतीला चलावं."

जेवण तयार नव्हतं. हुग्गीला अजून अर्धा तास होता. पण मांडव उठला. बायका उठल्या, पोरं उठली, वऱ्हाडी पागोटी सावरत निघाले. आचारी हातातले झारे घेऊन "अवं थांबा, थांबा!" म्हणत धावत आले, यजमान दोन्ही हात वर करून ओरडायला लागले, आणि त्यांचा आवाज कुणालाच ऐकू येत नव्हता, कारण त्यांच्या हातात माइक नव्हता. मला वाटलं, आता अप्पा माझ्या कानाखाली आवाज काढणार, आणि त्यांनी काढलाही असता तर मी काही म्हणाले नसते.

अप्पा माझ्याकडे बघतच नव्हते. ते लांब, मांडवाच्या पार पलीकडे, शेवटच्या चिंचेखाली बघत होते. तिथं एक म्हातारा एकटाच काठी उशाशी ठेवून झोपला होता, तो उठून बसला होता. काठी चाचपडत होता. उभा राहिला आणि आमच्या दिशेनं चालू लागला.

"बघ," अप्पा म्हणाले, आणि हसून हसून त्यांना पेटीवर हात टेकावा लागला. "त्याच्यापर्यंत गेलं बघ, रत्ने. एक शब्द तुटला न्हाय."